टेकडी वाऱ्याची, तशी वेलीचीही

कोल्हापूरकर सुट्टी मिळाली की घाट उतरून मालवण-वेंगुर्ल्याला जातात. तिथल्या पुळणीमागच्या वाळूच्या टेकड्या वारा आणि वेल मिळून घडवतात. वारा कण उड्या मारत नेतो; मर्यादवेलीत अडून मंदावला, की वाळू तिथेच पडते. वेल गाडली गेली तरी पुन्हा वर फुटते आणि टेकडी उंचावते. वाळवंटात उघड्या चंद्रकोरी टेकडीची टोके वाऱ्यासोबत पुढे असतात. थरमध्ये झुडपांनी ती धरून ठेवली, की मधला भाग पुढे सरकतो, कोर उलटी होते. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित गटात आहेत. तरी पर्यटकांना मोकळी वाळू दिसावी म्हणून वेल ‘कचरा’ ठरवून उपटली जाते. मग वाळू अंगणात आली, की बोल वाऱ्याला!