आधी पिना, मग कात्री

होळी जवळ आली की आमच्या अक्कलकुवा तालुक्यात पुरुषांच्या डोक्यांवर मोर उतरतात. काठी गावची राजवाडी होळी ज्यांनी पाहिलीय त्यांना बुध्या ठाऊक असतो. बांबूच्या कामट्यांचा उंच टोप, त्याला मोरपिसं, कमरेला वाळलेले भोपळे नि घुंगरू, अंगभर पांढरे ठिपके. नवस फेडणारी ही माणसं होळीच्या आधीपासून पाळणी पाळतात, जमिनीवर झोपतात, आंघोळसुद्धा करत नाहीत. रात्रभर नाच, पहाटे होळी. पाळणी संपली की टोप उतरतो आणि तोच माणूस शेतात नाहीतर गुजरातेत मजुरीला दिसतो.

देवाचं काम ते. त्याची सांगड मी फॅशनशी घातली तर काठीचे म्हातारे मला दारात उभं करणार नाहीत. पण हेवा वाटतो खरा. उतरवून ठेवता येणारं डोकं! माझ्या मनात बरेच दिवस वेणी कापायचं घोळतंय, आणि ती एकदा कापली की परत लावायची सोय नाही.

पोरांचं बरं असतं. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार तोंडावर आला की स्टँडाजवळच्या सलूनमध्ये टेकायला बाक मिळत नाही. 2003 मध्ये ‘तेरे नाम’ आला तेव्हा गावोगावच्या पोरांनी मधोमध भांग पाडून कपाळावर झुलपं सोडली होती. 2008 मध्ये ‘गजनी’ आला आणि त्यांच्यातल्याच कितीतरी डोक्यांवरून मशीन फिरलं. आताची पोरं क्रिकेटवाल्याचा फोटो पुढे धरतात, ‘दादा, बाजूनं फेड मार’ म्हणतात. बिघडलंच तर झिरो मशीन, वर टोपी, आणि महिन्या-दोन महिन्यांत पुढचा फोटो.

बाईच्या केसांचा हिशेब वेगळा. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, फार तर सव्वा. माझी कमरेपर्यंतची वेणी खांद्यावर आणायची तर चाळीसेक सेंटिमीटर जाणार. नाही शोभलं तर तीन वर्षं, म्हणजे तीन लग्नसराया, नातेवाइकांच्या अल्बममध्ये तेच तोंड.

म्हणून आधी पिना. मागे सैल वेणी घालायची, टोकाला रबर लावायचं आणि ती मानेखालून आत दुमडून काळ्या पिनांनी आडवी-तिडवी पक्की करायची. कानाजवळच्या बटा मोकळ्या सोडायच्या. समोरून बघणाऱ्याला केस मानेपर्यंतच दिसतात. मागे मात्र दाट वेणीचा, कणकेच्या उंड्याएवढा फुगवटा राहतो. त्यावर ओढणी घेतली की भागतं.

पण आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. तेच डोकं घेऊन दळण टाकायला जावं, बँकेच्या रांगेत उभं राहावं, भाजी आणावी. तेव्हा कळतं, की वाकलं की बटा डोळ्यांवर येतात आणि पिठाच्या हातांनी त्या मागे सारता येत नाहीत. आणखी एक गोष्ट कळते, जी मला कुणी सांगितली नव्हती. उन्हाळ्यात लांब केसच बरे. अंबाडा वर बांधला की मान मोकळी. खांद्यापर्यंतचे केस ना धड बांधले जातात ना धड मोकळे राहतात, घामानं मानेला चिकटून बसतात. आमच्याकडचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना यापुढे काही सांगायला नको.

भाजीवाल्या मावशींनी मात्र कोथिंबिरीची जुडी हातातच धरून विचारलं, “व माय, केस कापी टाकात का?” मी मान डोलावली. त्यांनी निरखून पाहिलं, बरं दिसतं म्हणाल्या, आणि लगेच, “घरचे काय म्हणाले?”

फेड मारून आलेल्या पोराला हे कुणी विचारत नाही. बाईच्या केसांवर घरच्यांचा हक्क ही इथं फार जुनी गोष्ट आहे. विधवेचं केशवपन करताना तिची मर्जी कोण विचारत होतं? 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनीच सभा भरवून हे काम आपण करणार नाही असं ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांनीच तो खाली ठेवला, आणि माझ्या मते त्या काळच्या बड्या सुधारकांच्या कितीतरी व्याख्यानांहून हे मोठं काम. शाळेत ते ओझरतं शिकवतात.

असो, माझं दुखणं त्यामानानं चैनीचं आहे. मोबाइलवर आपल्या फोटोला हवे ते केस चिकटवून देणारी अॅप आहेत, तीही पाहिली. त्यातली मी कुणा सिरियलमधल्या वकिलीणबाईसारखी दिसते. पण अॅपला माझा भोवरा माहीत नाही. पार्लरवाल्या ताईंनी सगळ्यात आधी तोच शोधला. कंगवा ओला करून टाळूवरचे केस चारही बाजूंना फिरवले आणि म्हणाल्या, भोवऱ्यापाशी फार आखूड केले तर तिथले उभेच राहतील. (दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात म्हणतात. माझा एकच आहे, हे त्यांनी न विचारता जाहीर केलं.) मग एक बट ओली करून खाली ओढून दाखवली आणि वाळेपर्यंत थांबायला लावलं. वाळल्यावर ती चांगली दोन बोटं वर गेली होती. कुरळे केस ओले असताना खांद्यावर मापले की वाळल्यावर हनुवटीशी येतात. ‘बाई, मी एवढे कुठे सांगितले होते?’ ही भांडणं बहुतेक इथूनच सुरू होत असावीत.

रंगाचंही त्यांनी सांगितलं. काळ्या डायमध्ये बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, काहींना त्यानं खाज सुटते, तोंड सुजतं. म्हणून कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबायचं, हे खोक्यातल्या कागदावर छापलेलंही असतं. पण हळदीच्या आदल्या संध्याकाळी डाय लावायला बसलेल्या वरमाईला 48 तास आणायचे कुठून?

रंग राहू दे, झालरीचं बघू. 1960 मध्ये ‘लव्ह इन सिमला’ सिनेमात नटी साधनाच्या कपाळावर झालर आली ती तिचं कपाळ रुंद दिसत होतं म्हणून. पुढे अरुंद कपाळाच्या मुलींनीही ‘साधना कट’ मारून घेतला, आणि भुवयांच्या वर काही उरलंच नाही. मला तो धोका नाही, माझं कपाळ ऐसपैस आहे. तेव्हा ताईंशी बोलून ठरवलंय की आधी फक्त समोरची झालर कापायची. ती चारसहा महिन्यांत कानामागे जाऊ लागते, आणि तोवर क्लिप लावून वर घेता येते. वेणीचं काय ते पाऊस पडल्यावर बघू.

ही बातमी शेजारच्या मामींपर्यंत पोचली. केस घेऊन भांडी देणाऱ्या बाया गल्लीत येतात, त्यांच्यासाठी मामी कंगव्यातली गुंतवळं वर्षभर पिशवीत साठवतात आणि एवढंसं डबडं पदरात पडतं म्हणून कुरकुरतात. त्यांनी माझी वेणी हातात घेऊन वजन पाहिलं. म्हणाल्या, “कापशील तेव्हा दुसऱ्या कुणाला देऊ नको. यावर झाकणासकट पातेलं येईल.”