परदेशी विद्यापीठ आणि वऱ्हाडचा सातबारा

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे निकाल लागण्याच्या सुमारास शेगाव, चिखली, मलकापूर आणि खुद्द बुलढाणा येथील कित्येक घरांत रात्रीची जेवणे आटोपल्यावर जो विषय निघतो तो 'एमएस'चा. म्हणजे संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाकरिता मुलाला अथवा मुलीला अमेरिकेस, जर्मनीस वा इंग्लंडास पाठविण्याचा. एके काळी ही मसलत पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू वर्गापुरती मर्यादित असे. परंतु १९८३ साली शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघाल्यापासून या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यातही अभियंत्यांच्या दोन पिढ्या तयार झाल्या आहेत, आणि त्यांच्या आकांक्षांनी समुद्र ओलांडावा यात हरकत घेण्याजोगे काही नाही. हरकत आहे ती विद्यापीठ निवडण्याच्या प्रचलित रीतीला. ज्या घरात एका एकराचे खरेदीखत करण्यापूर्वी तीस वर्षांचे फेरफार उतरवून घेतले जातात, त्याच घरात चाळीस-पन्नास लाखांचा हा व्यवहार एका छापील क्रमवारीच्या आणि एका हसतमुख कन्सल्टंटच्या भरवशावर उरकला जातो, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

क्रमवारीवरील ही श्रद्धा आपल्याच प्रवेशपद्धतीने रुजविलेली आहे. सीईटीचे पर्सेंटाइल, कॅपचा ऑप्शन फॉर्म आणि गतवर्षीचा कटऑफ या त्रयीत वाढलेल्या विद्यार्थ्याला असे वाटू लागते की जगातील यच्चयावत विद्यापीठे एका उतरत्या यादीत बसविलेली आहेत, आणि त्या यादीत आपल्याला जितके वर जाता येईल तितके जाणे हाच काय तो निवडीचा अर्थ. एका राज्यात, जेथे अभ्यासक्रम बहुतांशी सारखे असतात आणि शुल्क शासननियुक्त प्राधिकरणाच्या मान्यतेने ठरते, तेथे ही समजूत फारशी महागात पडत नाही. परदेशात पडते. सर्वांच्या तोंडी असलेली क्यूएस ही क्रमवारी अवघ्या विद्यापीठाची असते. वैद्यकापासून पुरातत्त्वापर्यंतचे सारे विभाग तिच्यात एकत्र तोलले जातात, आणि त्या तोलातील सर्वांत मोठा हिस्सा, जो अलीकडेपर्यंत ४० टक्के होता व आता ३० टक्के आहे, तो जगभरच्या प्राध्यापकांकडून मागविलेल्या अभिप्रायांचा, अर्थात लौकिकाचा असतो. लौकिक ही बाब उपेक्षणीय नाही. तथापि ज्या विषयासाठी आपण जाणार तो विषय तेथे कोण शिकवितो, त्याच्या वर्गात किती विद्यार्थी बसतात, प्रबंध लिहिण्याची मुभा आहे की दहा विषयांच्या परीक्षा आटोपून पदवी हाती ठेवली जाते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या क्रमांकात नसते.

जर्मनीत, फ्रान्सच्या सरहद्दीलगत, सारब्रुकन नावाचे एक मध्यम आकाराचे शहर आहे. तेथील सारलँड विद्यापीठ सर्वसाधारण क्रमवारीत इतके खाली असते की आमच्याकडील पालक चारचौघांत त्याचे नाव सांगताना संकोचतील. परंतु त्याच आवारात माक्स प्लांक सोसायटीची संगणकशास्त्र संस्था, कृत्रिम बुद्धिमत्तेचे जर्मन संशोधन केंद्र आणि माहिती-सुरक्षेवर काम करणारे सिस्पा हे केंद्र नांदत असल्यामुळे या शास्त्राच्या जाणकारांत त्याला जो मान आहे, तो यादीत पुष्कळ वर असलेल्या कित्येक विद्यापीठांना नाही, आणि शिक्षणशुल्क म्हणून तेथे सहामाहीच्या किरकोळ आकारणीखेरीज काही द्यावे लागत नाही. अमेरिकेतील पहिला संगणकशास्त्र विभाग १९६२ साली ज्या पर्ड्यू विद्यापीठात निघाला, त्याचे गावही कोणी महानगर नसून इंडियाना राज्यातील मक्याच्या आणि सोयाबीनच्या मुलखातले आहे. आपल्या मुलांना तेथील निदान पिके तरी परकी वाटू नयेत.

विभाग पाहावा, आणि विभागातील माणूस पाहावा, याचे एक ठळक उदाहरण नरेंद्र करमरकर यांचे. मुंबईच्या आयआयटीतून १९७८ साली पदवी घेऊन ते कॅलटेकमार्गे बर्कलीस गेले आणि तेथे त्यांनी रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली, हे कार्प म्हणजे ज्यांनी १९७२ साली एकवीस अवघड समस्यांचे काठिण्य परस्परांशी जोडून दाखविले ते. करमरकरांची रेषीय नियोजनाची जी रीत १९८४ साली जगभर गाजली, तिच्या आधीची त्यांची घडण अशा आचार्याच्या सहवासात झाली होती. याच्या उलट, आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले विजय भटकर नागपूर, बडोदे आणि दिल्ली येथेच शिकले, आणि परदेशी पदवी नसलेल्या या वऱ्हाडी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. जाणे वा न जाणे यावर विद्या अवलंबून नसते, एवढेच या दोन चरित्रांवरून म्हणता येईल; त्याहून अधिक काही काढू जाणे अप्रस्तुत होईल, कारण आपले बहुसंख्य विद्यार्थी ज्ञानतृष्णेने जात नाहीत, नोकरीसाठी जातात, आणि ते तसे उघडपणे सांगतात हे बरेच आहे. तेव्हा नोकरीचा आणि कर्जाचाच हिशेब मांडू.

साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज बँका सामान्यतः मिळकतीच्या तारणाविना देतात. त्यापुढे तारण मागतात. येथे वऱ्हाडातील शेतकऱ्यापुढे एक विलक्षण पेच उभा राहतो. दहा एकर काळी जमीन, सातबारा निर्वेध, आठ-अ चोख, विहिरीला पाणी, आणि तरीही बँकेचा शाखाधिकारी मान हलवितो. कारण २००२ च्या सरफेसी कायद्याने तारण मिळकत न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा जो अधिकार बँकांना दिला, त्यातून ३१व्या कलमाने शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणार्थ केलेल्या या तरतुदीचा परिणाम असा की त्याची जमीन या कामी बहुतेक बँकांना नकोशी होते, आणि शहरातील दोन खोल्यांचा फ्लॅट किंवा एन.ए. झालेला प्लॉट मात्र चालतो. मग मामाच्या प्लॉटची कागदपत्रे मागावी, किंवा बिगर-बँक वित्तसंस्थेचे चढ्या व्याजाचे कर्ज उचलावे, किंवा रस्त्याकडेचे दोन एकर विकावे, अशा तीनच वाटा उरतात; आणि पहिल्या वाटेने गेल्यास विद्यार्थ्याच्या यशापयशाशी एका घराऐवजी दोन घरे बांधली जातात. ज्या जिल्ह्यात १९८६ साली स्थापन झालेली बुलडाणा अर्बनसारखी पतसंस्था गोदामातील शेतमालावर कर्ज देते, त्या जिल्ह्याला तारण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगावे लागते ते सवलतीच्या मुदतीतले व्याज. अभ्यासक्रम चालू असताना आणि त्यापुढे साधारणतः एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, यालाच लोक व्याजमाफी समजून बसतात.

समजा, चाळीस लाख रुपये ११ टक्के दराने घेतले, आणि सोयीसाठी असे धरले की सारी रक्कम आरंभीच उचलली. दोन वर्षे शिक्षणाची आणि एक सवलतीचे, अशा तीन वर्षांत सरळ व्याजानेच १३ लाख २० हजार साचतात. मुद्दल ५३ लाखांवर जाते, आणि ते दहा वर्षांत फेडायचे म्हटल्यास महिन्याचा हप्ता सुमारे ७३ हजार रुपये पडतो. अमेरिकेत नोकरी लागलेल्यास हा हप्ता जड नाही. पुण्यातील मोठ्या कंपन्या मात्र नवशिक्या अभियंत्याला वर्षाकाठी साडेतीन-चार लाखांवर घेतात, म्हणजे महिन्याला तीस हजारांच्या आसपास. परदेशी पदवीमुळे ती रक्कम दुप्पट झाली असे मानले तरी हप्ता भागत नाही.

म्हणून निवडीपूर्वी प्रत्येक घराने स्वतःला एकच प्रश्न विचारावा असे माझे मत आहे: पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी परत यावे लागले, तर हा खर्च परवडला असता काय? हा प्रश्न अशुभ वाटतो, आणि सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशी तो कोणी विचारू नये हे मला मान्य आहे. पण अर्ज भरण्याच्या आधी विचारला तर यादीतील निम्मी नावे आपोआप गळतात, आणि जी उरतात ती बहुधा स्वस्त, किंवा विद्येने खरोखर समृद्ध, किंवा शिष्यवृत्ती देणारी असतात.

परत यावे लागण्याचा संभव काल्पनिक नाही. संगणकशास्त्राच्या पदवीधराला अमेरिकेत बारा आणि चोवीस मिळून छत्तीस महिने कामाची परवानगी मिळू शकते. त्यापुढील एच-१बी परवाने वर्षाला ६५ हजार आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार, इतकेच असल्यामुळे वर्षानुवर्षे सोडत निघत आली आहे. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये, देशाबाहेरून आणावयाच्या नव्या नोकरदारासाठी मालकाने एक लाख डॉलर भरावेत, असा हुकूम निघाला. कॅनडाने २०२४ साली विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली; इंग्लंडने पदवीनंतरची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दीड वर्षावर आणली आहे. फुकट शिक्षणाचे माहेरघर म्हणून आमच्याकडे जिचे नाव घेतले जाते त्या जर्मनीतही, म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरील नव्या विद्यार्थ्यांवर सहामाहीला दोन ते सहा हजार युरोंची आकारणी सुरू केली. मुलगा विमानात बसतो तेव्हाचा कायदा आणि तो पदवी घेतो तेव्हाचा कायदा एकच असेल, असे आता कोणत्याही देशाबाबत धरून चालता येत नाही.

तरीही वरील कसोटीला जर्मनी पुष्कळ अंशी उतरते, असे मला वाटते. निर्वाहासाठी तेथे वर्षाचे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे आजच्या दराने बारा लाखांच्या घरात. पण ते शुल्क म्हणून जात नाहीत, दरमहा विद्यार्थ्याच्याच हाती येतात. अडचण निराळी आहे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला एपीएस हे कागदपत्र-पडताळणीचे प्रमाणपत्र आवश्यक आहे, आणि तेथील विभाग आपल्या गुणपत्रिकेतील विषय स्वतःच्या अभ्यासक्रमाशी एकेक करून ताडून पाहतात. ज्यांनी गणित आणि संगणनाचा सिद्धांत हे विषय परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करून ढकलले, त्यांची तेथे पंचाईत होते. बीएस्सीच्या त्रैवार्षिक पदवीधरांनी तर ही ताडणी अर्ज भरण्याआधी स्वतः करून पाहावी.

कन्सल्टंटांविषयी थोडक्यात सांगतो. त्यांपैकी पुष्कळांना विद्यापीठांकडून प्रत्येक प्रवेशामागे दस्तुरी मिळते, आणि जो आपल्याकडून फी घेत नाही त्याची फी कोण देतो हे विचारण्यात कसलाही उर्मटपणा नाही. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली नावाच्या तथाकथित विद्यापीठावर २०११ साली छापा पडला तेव्हा त्यात मुख्यतः आंध्रातील विद्यार्थी होते, आणि त्यांपैकी काहींच्या पायांत माग काढणारी यंत्रे अडकविण्यात आली. मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ तर तेथील सरकारनेच सापळा म्हणून उघडलेले होते, आणि २०१९ साली त्यात अडकलेले जवळजवळ सारे विद्यार्थी भारतीय होते. तेथे वर्ग भरत नव्हते. तरी प्रवेश भरत होते.

यावर कोणी म्हणेल की या हिशेबाने गरिबाने परदेशी जाऊच नये. तसे नाही; प्रश्न जोखीम कोणी उचलावी हा आहे. १९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियास पाठविले, तेव्हा त्याच्याकडून संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करारनामा लिहून घेतला होता. जमीन मागितली नव्हती. आज राज्यशासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची ही जोखीम उचलते, ही मोठीच गोष्ट आहे. पण ती देताना शासनही क्यूएसच्या ठरावीक क्रमांकाच्या आतील विद्यापीठाचाच आग्रह धरते, आणि अशा अटीपुढे सारब्रुकनसारखे आवार टिकत नाही. निदान संगणकशास्त्रापुरती ही अट विभागाच्या गुणवत्तेवर आणावी, अशी सूचना सामाजिक न्याय विभागाला करावीशी वाटते.

शासन ते करील तेव्हा करील. तोपर्यंत जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना एक काम सहज करता येण्याजोगे आहे. परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे माहितीपत्रकात छापण्याबरोबर त्यांची एक नोंदवहीही ठेवावी: विद्यापीठ कोणते, शुल्क किती, कर्ज किती व कोणत्या दराने, तारण काय, पहिली नोकरी किती महिन्यांनी, आणि परत आला असल्यास का, नाव गाळून, पण बाकी सर्व रकाने भरून. याला मंत्रालयाचा हुकूम लागत नाही. प्लेसमेंट विभागातील एक कारकून आणि एक पानी तक्ता पुरतो. अमेरिकेकडील अर्ज डिसेंबरच्या सुमारास जातात, तेव्हा हा तक्ता दिवाळीपूर्वी तयार झाला तर यंदाच्याच मुलांना त्याचा उपयोग होईल.