सायकल अंगणात की घरात? कायद्यात मोठा फरक
अक्कलकुवा : मणिबेलीच्या डोंगरापासून तळोद्याच्या सपाटीपर्यंत घराला गॅरेज क्वचितच, सायकल रात्रभर अंगणातच. मानव विकास कार्यक्रमातून 8 वी ते 12 वीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी 5000 रुपये मिळतात. ती चोरीला गेली की शाळाच अडते.

1 जुलै 2024 पासून लागू भारतीय न्याय संहितेत 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र झाली. म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. घरातून किंवा सामानाच्या खोलीतून चोरी झाली, तर मात्र कलम 305 लागतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

म्हणून रात्री सायकल आत घ्या, साखळीने खांबाला बांधून कुलूप लावा. बिल जपा, फ्रेम नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.