भुताचं वाद्य कोणतं?

भुताचा पिक्चर एकदा आवाज बंद करून बघा, दोस्तहो. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) घ्या. त्यातला सामरी राक्षस आवाजाशिवाय नुसता उंच गडी उरतो, तोंडाला रंग फासलेला. हसू येतं. आता आवाज चालू करा. वारा, दाराची कुरकुर, वर अजित सिंगचं संगीत. पोटात गोळा! म्हणजे भीती पडद्यावर नव्हतीच, ती कानातून आत शिरली. डोळे मिटता येतात, कानाला पापणी नाही. या धंद्यातल्या लोकांनी हे फार पूर्वीच हेरलंय.

माझा सवाल वेगळाच आहे. भीती दाखवायला आवाज कुणाचा उचलतात?

हिचकॉकचा 'सायको' (१९६०) बघा. न्हाणीघरातल्या खुनाला हिचकॉकला संगीत नकोच होतं. बर्नार्ड हरमननं तरी ते लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉक मुकाट कबूल झाला. अख्ख्या पिक्चरला फक्त तंतुवाद्यं. ना ढोल, ना तुतारी. ज्या व्हायोलिनवर आपले हिरो-हिरोइन झाडाभोवती फिरतात तेच व्हायोलिन. गज वरच्या सुरात कचाकच ओढला की त्याचा सुरा होतो. म्हणून व्हायोलिन भुताचं वाद्य झालं का? नाही झालं. साहेबाच्या दिवाणखान्यात ते अजून मानानं वाजतंय.

'जॉज' (१९७५) मध्ये तर जॉन विल्यम्सनं दोन सुरांवर काम भागवलं. पेटीवर लागून असलेल्या दोन पांढऱ्या पट्ट्या, ज्यांच्या मधे काळीसुद्धा नाही. आधी सावकाश, मग जलद. यंत्राचा मासा शूटिंगमध्ये सारखा बिघडायचा, तेव्हा माशाच्या जागी सूरच पोहले. दोन पोरं खोटा पंख लावून लोकांना घाबरवतात तिथं मात्र ते सूर नाहीत. संगीत खोटं बोलत नाही असा करारच केलाय बघणाऱ्याशी. कारागिरी म्हणतात ती ही. सलाम आपला.

पण 'किंगकाँग' (१९३३) जरा नीट ऐका. संगीत मॅक्स स्टायनरचं. सुरवातीला न्यू यॉर्क, मंदीचे दिवस, निवाऱ्यासाठी रांगेत उभ्या बाया, भुकेनं सफरचंदाला हात घालणारी पोरगी. तिथं संगीत नाही. पाटी संपल्यापासून सगळं कोरडं. मग जहाज धुक्यात शिरतं, बेट जवळ येतं आणि संगीत सुरू होतं. खलाशांना आधी वाटतं लाटा फुटताहेत. नंतर कळतं, ढोल वाजताहेत. काळ्या माणसांचे ढोल. म्हणजे भूक भ्यायची गोष्ट नाही, ढोल भ्यायची गोष्ट! गोरिला तर अजून पडद्यावर आलेलाही नाही. त्याच्या आधीच काळा माणूस भूत होऊन बसला. पुढं जंगलाच्या किती पिक्चरांनी हीच नक्कल मारली. हिंदीवाले मागं राहतात होय? त्यांचे आदिवासी आले की ढोल आलेच, जोडीला कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं.

आपल्या हलगीचं गावानं हेच केलं. मयताला वाजते म्हणून अशुभ. अरे, तीच हलगी वरातीत वाजते, जत्रेत वाजते, कुस्तीच्या फडात पैलवानाच्या अंगात वारं भरते. जाळावर शेकलेलं चामडं तेच, काड्या त्याच. वाजवणाऱ्याला वेशीबाहेर ठेवला, मग आवाजही वेशीबाहेरचा ठरला. आपल्या थोरल्यांनी बलुत्याची कामं टाकली, त्यात वाजवणंही टाकलं. बरोबर केलं. हुकमानं वाजवायचं ते कसलं वाजवणं? पण चामड्याचा त्यात काय गुन्हा?

मी गोदीत पाळ्या करतो. जहाजाच्या होल्डात हवा कुजलेली असली तर शिडीवरून उतरणाऱ्याला काहीही ऐकू येत नाही. शार्कला निदान दोन सूर मिळाले.

आता आपल्यातली पोरं मोबाइलवर फिल्मा करतात. चांगलं आहे. पण भीती दाखवायची झाली की तयार तुकडा उचलतात, घूंऽऽऽ करणारा, आणि लावून देतात. १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले तरी माणूस गटारात उतरतोच आहे. त्याच्यावर फिल्म करणार असाल तर खाली तो भुताचा तुकडा लावू नका. लोक ओळखतात तो. लगेच मनात म्हणतात, पिक्चर आहे, सुटलो. झाकण सरकतानाचा आवाज ठेवा. दोरी कडेला घासते तो ठेवा. वरच्यानं मारलेली हाक ठेवा. दुसरी हाक ठेवा. आणि मग खालून ओ येत नाही, तेवढा वेळ कापू नका.