जोखीम शिकणारीच्या माथी का?



वरसे इथल्या आमच्या मंडळाची बैठक संपली, तरी एक मुलगी मागे रेंगाळत होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "ताई, रात्रपाळीला वॉर्डात एकच स्टाफ नर्स असते. सलाईन, इंजेक्शन, नोंदी सगळं आम्हीच करतो. आणि प्रवेशाच्या वेळी सही करून दिलेल्या कागदावर लिहिलंय, चूक झाली तर जबाबदारी विद्यार्थिनीची. मी स्वतःचा विमा काढू का?"

मी तिला लगेच उत्तर देऊ शकले नाही.

व्यावसायिक जबाबदारीचा विमा भरपाईची रक्कम देतो, वकिलाचा खर्च देतो, तेही अटींत बसलं तर. पण भरपाई मुळात द्यायची कुणी? स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात नर्सच्या चुकीच्या इंजेक्शनमुळे एका बाळाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथे रुग्णालयालाच जबाबदार धरलं. पोरीकडून सही घेतली म्हणून रुग्णाचा रुग्णालयावरचा हक्क संपत नाही. मग तो कागद कशासाठी? पोरीने घाबरून गप्प राहावं, यासाठीच.

याहून मोठी भीती फौजदारी गुन्ह्याची आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा रुग्ण दगावले. काही दिवसांत अटक कुणाला झाली? एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिका. आग विझवण्याची यंत्रणा बसवणं हे काय परिचारिकेचं काम होतं?

आता कायदाच पाहा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. उपचार करताना असं घडलं तर नोंदणीकृत डॉक्टरला मात्र दोन वर्षांपर्यंत. ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांनाच आहे. नर्सचं नाव त्या वहीत नसतं, शिकणारीचं तर कुठल्याच वहीत नसतं. एकाच खाटेशी उभ्या असलेल्या दोघांना दोन मापं! आणि कैद विम्याने टळत नाही.

कुणी म्हणेल, तुम्ही निष्काळजीपणाला पाठीशी घालता. नाही. त्या खाटेवरची बाईही आपलीच आहे. तिला भरपाई मिळालीच पाहिजे, आणि ती देण्याची ऐपत रुग्णालयाची आहे, फी भरण्यासाठी आईचे दागिने गहाण ठेवणाऱ्या मुलीची नाही. आपल्या शेजारी धाटावच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवाराला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, असं १९६१चा कायदा सांगतो. जिचे श्रम वापरायचे तिची जोखीमही उचलायची, हे तत्त्व नवं नाही. ते वॉर्डात का लागू होऊ नये?

म्हणून माझं म्हणणं असं : विमा हवा, पण तो संस्थेने सगळ्या विद्यार्थिनींचा एकत्र काढावा, हप्ता संस्थेने भरावा. देखरेखीशिवाय विद्यार्थिनीवर वॉर्ड सोपवू नये. सही घेतलेले कागद परत करावेत. कलम १०६मधला भेद दूर व्हावा.

त्या मुलीला मी अखेर सांगितलं, "त्या कागदाची प्रत आधी मिळव. शिकवलेलं नाही ते एकटीने करू नकोस, आणि का केलं नाहीस ते नोंदवून ठेव. विमा परवडत असेल तर काढ, पण विद्यार्थिनी त्यात धरली आहे का, फौजदारी खटल्यात वकिलाचा खर्च मिळतो का, हे वाचूनच. आणि एकटी येऊ नकोस, वर्गातल्या सगळ्यांना घेऊन ये."

पुढच्या बैठकीला ती आली, बरोबर सहाजणी होत्या.

तुमच्या गावच्या मुलींनीही अशा सह्या केल्या आहेत का? त्यांना विचारा आणि आम्हाला कळवा.