दोन इंचांचे शिपाई



‘बंद करा’ हे दोन शब्द आम्हा डॉक्टरांच्या तोंडी फार सहज येतात. तंबाखू बंद करा, लोणचे बंद करा, जिना चढणे बंद करा. त्यांपैकी काही सूचना योग्य असतात, तर काही केवळ आम्हाला सोयीच्या असतात. मी हे शब्द एकदा चुकीच्या जागी वापरले. त्याची हकीकत संबंधित कुटुंबाच्या संमतीने, त्यांची ओळख न देता, आज आपल्यापुढे ठेवतो.

सुमारे दीड वर्षापूर्वी एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. सासरे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, वय चौऱ्याहत्तर. मधुमेह जुना, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. डाव्या अंगठ्यावर ब्लेडची जखम, आणि बोटांच्या बेचक्यांत लालसर, खाजणारे चट्टे. “डॉक्टर, तुम्हीच सांगा बाबांना,” सूनबाई म्हणाल्या, “दिवसभर त्या टेबलापाशी बसतात. माती, डिंक, रंग, सगळ्या खोलीला वास. घरात लहान मूल आहे. आमचे ते ऐकत नाहीत.”

सुभेदारसाहेब घरी युद्धाचा एक देखावा उभारत होते. परदेशांतील छंदमंडळी त्याला डायोरामा म्हणतात. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या आपल्या मुलांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच, की डायोरामात सारे एका ठरलेल्या प्रमाणात असावे लागते. त्यांचे प्रमाण १:३५ होते, म्हणजे साडेपाच-पावणेसहा फुटी जवान जेमतेम दोन इंचांचा, आणि टेबलावरील एक फूट म्हणजे रणभूमीवरील पस्तीस फूट.

मी जखम बांधली, मलम लिहून दिले आणि म्हणालो, “सुभेदारसाहेब, आता हे बंद करा.” ते “बरं” म्हणाले. हुकूम पाळण्याची सवय असलेला मनुष्य तो.

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा वजन वाढले होते आणि साखर चढली होती. दुपारभर झोप, रात्री जाग. प्रश्नांना एका शब्दात उत्तर. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासले. त्यांत काही सापडले नाही. अखेर मी सहज विचारले, “तुमच्या देखाव्याचे काय झाले?” ते म्हणाले, “पेटीत ठेवला, साहेब.” त्या क्षणी मला उमगले, की मी एक उपचार बंद केला होता आणि त्याच्या दुष्परिणामांचा विचारही केला नव्हता.

टेबलावर काय होते?

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. पेटी उघडली गेली. आत जमालपूर होते.

१९७१ च्या डिसेंबरात ब्रह्मपुत्रेच्या काठचे हे गाव पाकिस्तानी सैन्याने भक्कम तटबंदी करून धरले होते. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे आपली ‘जंगी पलटण’, नदी ओलांडून वळसा घालून गावाच्या दक्षिणेस गेली आणि टांगाईलकडे जाणारा रस्ता तिने अडवून धरला. आपल्या ब्रिगेडियरने शरण येण्याचे पत्र पाठवले, तेव्हा तेथील पाकिस्तानी कर्नलने नकाराच्या उत्तरासोबत बंदुकीची एक गोळी पाठवली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. १० डिसेंबरच्या रात्री शत्रूने कोंडी फोडून निसटण्याचा प्रयत्न केला. मराठ्यांनी रस्ता सोडला नाही. ११ तारखेला जमालपूर पडले. सुभेदारसाहेब तेव्हा वीस वर्षांचे होते आणि त्या मोहिमेत होते.

त्यांच्या फळीवर तो रस्ता होता. थर्माकोलचे थर, त्यांवर शाडूचा लेप, त्यावर गाळलेली माती पातळ केलेल्या फेव्हिकॉलने बसवलेली. कापणी झालेल्या भातशेतीतील धसकटे गोणपाटाच्या धाग्यांची. एका कोपऱ्यात डबके. त्याचे पाणी म्हणजे पारदर्शक वार्निशचे एकावर एक दिलेले थर. जवानांच्या अंगात तांब्याच्या तारेचा सांगाडा आणि वर एपॉक्सी पुट्टी. पट्टे व बंदुकीचे बंद मी लिहून दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटांवरील चंदेरी पत्र्याचे! माझ्या औषधांचा इतका मनापासून उपयोग त्यापूर्वी कोणी केल्याचे मला आठवत नाही.

एक जवान बाजूला बसून बुटाची नाडी बांधत होता. मी त्याच्याकडे बोट केले. “हा माझ्या गावाशेजारचा,” सुभेदारसाहेब म्हणाले. “परत आला नाही.” सूनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हे प्रथमच ऐकले होते.

हे काम शरीराला काय देते?

अतिशयोक्ती करू नये. छंदाने स्मृतिभ्रंश टळतो किंवा मधुमेह बरा होतो, असे मी सांगणार नाही. पण अशा कामात मनुष्य क्रम आखतो, मोजमाप करतो, दोन्ही हात एकमेकांशी जुळवून वापरतो, एका ठिकाणी चित्त ठेवतो, आणि उद्या उठून करण्यासारखे त्याच्याजवळ काही असते. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यानंतर ही शेवटची गोष्टच बहुधा सर्वांत आधी हरवते. सुभेदारसाहेब माती आणण्याच्या निमित्ताने रोज ओढ्यापर्यंत चालत असत. मी देखावा बंद केला, तेव्हा ते चालणेही बंद झाले.

मात्र उदासी, निद्रानाश, भूक मंदावणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर छंदावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. युद्धाच्या आठवणींनी कोणाची झोप उडत असेल, दचकून जाग येत असेल, तर तेही सांगा.

बारीक काम हा आरसाही आहे

दोन इंचांच्या चेहऱ्यावर डोळे रंगवणारा हात आपल्या शरीरातील बदल लवकर दाखवतो.

ब्रश टेकवताना, कप उचलताना हात थरथरत असेल आणि मांडीवर ठेवल्यावर शांत होत असेल, तर त्याची कारणे अनेक: वयोमानाने किंवा घराण्यात चालत आलेला कंप, जास्त चहा-कॉफी, दम्याची काही औषधे, थायरॉइडचा अतिरेक, साखर खाली जाणे. याउलट हात विसावलेला असताना कंप दिसतो, हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जाते, तर पार्किन्सन्सच्या आजाराची तपासणी करून घ्यावी. दोन्हींवर औषधे आहेत. ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नये.

एकाएकी एका हातातून ब्रश निसटला, तोंड वाकडे झाले, शब्द अडखळले, तर मात्र क्षणाचाही विलंब नको. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. जितके लवकर तितके बरे. लक्षणे किती वाजता सुरू झाली ते घड्याळात पाहून ठेवा आणि मोठे रुग्णालय गाठा.

रंगही बोलतात. सुभेदारसाहेबांनी काम पुन्हा सुरू केल्यावर त्यांच्या मुलाच्या लक्षात आले, की नव्या जवानांचा गणवेश जुन्यांपेक्षा निळसर आहे. ते रंग आठवणीतल्या हिरव्याशी जुळवून कालवत असत. मोतीबिंदू वाढू लागला की डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा रंग कमी पोचतो. मग मनुष्य नकळत तो अधिक घालतो. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. आणि सरळ रेषा वाकडी दिसू लागली, तर ती पडद्याच्या आजाराची खूण असू शकते. नेत्रतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जावे.

टेबलाचे नियम

त्या रविवारी आम्ही तिघांनी बसून काही नियम ठरवले. मूर्तिकाम, लाकूडकाम, किल्ला, कोणत्याही हस्तकामाला ते लागू पडतील.

*पुट्टी व त्वचा:* एपॉक्सी पुट्टी ओली असताना उघड्या हातांनी मळू नये. तिची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. सुभेदारसाहेबांचे चट्टे एवढ्यानेच गेले.

*धूळ व वास:* घट्ट झालेली पुट्टी किंवा प्लास्टर घासताना पाणी लावून घासावे आणि मास्क लावावा. थिनरवाल्या रंगांऐवजी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग घ्यावेत. वार्निश खिडकी उघडी ठेवूनच लावावे. थर्माकोल तापल्या तारेने कापू नये, त्याचा धूर अपायकारक असतो. दमा असलेल्यांनी हे विशेष पाळावे.

*ब्लेड:* बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि ते निसटते. म्हणून धारदार ब्लेड, आणि कापण्याची दिशा आपल्यापासून दूर. मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील, तर जखम कळत नाही; काम संपल्यावर दोन्ही हात उजेडात पाहावेत. कापलेच, तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे, मध्ये उचलून पाहू नये. तरीही रक्त थांबले नाही, तर दवाखान्यात यावे. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

*प्लास्टर:* पाण्यात कालवलेले प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना चांगलेच तापते. त्यात बोटे बुडवून ठेवू नयेत.

*झटपट चिकटवणारा डिंक:* याची लहान बाटली डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीसारखीच दिसते. दोन्ही कधीही एका खोलीत, एका कप्प्यात ठेवू नका. बोटे चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. डोळ्यात गेला, तर पापण्या बळेच न उघडता पाण्याने धुवा आणि तत्काळ नेत्रतज्ज्ञांकडे जा.

*बैठक व उजेड:* फळी पुस्तकांवर ठेवून छातीपर्यंत उंच करावी, म्हणजे मान वाकत नाही. कोपर टेकलेले असावेत. उजव्या हाताने काम करणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा. पंचवीस मिनिटांनी उठावे, घरात एक फेरी मारावी, पाणी प्यावे. आणि ब्रश धुण्याचे पाणी चहाच्या कपात कधीही ठेवू नये. नजर कमी झालेल्या माणसाने ते प्यायल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

हात थरथरत असतील तर?

तर जमीन करावी. चेहऱ्यासाठी स्थिर हात लागतो; माती, दगड, गवत, चिखल यांना तो लागत नाही. निसर्गात काही सरळ रेषेत नसते, त्यामुळे थरथरत्या हाताने पसरलेली माती उलट अधिक खरी दिसते. सांधे दुखत असतील तर ब्रशच्या दांडीला फोमची पट्टी गुंडाळून ती जाड करावी. मूर्ती हातात न धरता लाकडी ठोकळ्यावर चिकटवून ठोकळा धरावा. दोन इंचांऐवजी चार इंचांची मूर्ती करावी. प्रारंभ पोस्टकार्डाएवढ्या फळीने आणि एकाच मूर्तीने करावा. यंदाच्या दिवाळीत नातवंडांच्या किल्ल्यासाठी शाडूचे दोन मावळे केलेत, तरी हरकत नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द

टेबल आवरू नका. आपल्याला पसारा वाटतो, तो त्यांचा क्रम असतो. त्याऐवजी कड असलेला एक मोठा ट्रे आणि झाकणाची पेटी द्या. मूल झोपेतून उठले की सारे पेटीत. ब्लेड व डिंक कुलपात. दिवसातून एकदा शेजारी बसा आणि विचारा, “हा कोण?” सुभेदारसाहेबांच्या घरात पन्नास वर्षे न बोललेल्या गोष्टी या एका प्रश्नाने बोलल्या गेल्या. आता धसकटे लावण्याचे काम सूनबाईंकडे आहे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर सुभेदारसाहेबांनी स्वतःच पाहिले, की अर्धी तुकडी एका रंगात आहे आणि अर्धी दुसऱ्या. मी विचारले, पुन्हा रंगवणार का? “राहू द्या, डॉक्टरसाहेब,” ते म्हणाले, “अर्ध्यांचे कपडे धुतलेले आहेत.” साखर अद्याप हवी तेवढी उतरलेली नाही. पण ओढ्यापर्यंतचे चालणे पुन्हा सुरू झाले आहे.

तेव्हा वाचकहो, यापुढे मी किंवा माझ्यासारख्या कोणी आपल्याला ‘हे बंद करा’ असे सांगितले, तर एक प्रश्न अवश्य विचारा: “ते सुरक्षितपणे चालू ठेवण्याचा काही मार्ग आहे का?” तंबाखूच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असेच येईल. इतर पुष्कळ गोष्टींच्या बाबतीत डॉक्टरांना क्षणभर थांबून विचार करावा लागेल, आणि तेवढे थांबणे आम्हालाही हितकारक असते.