बाणेदार कोण, उर्मट कोण?

चांगला शिक्षक कोण? डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत याची लांबलचक यादी असते. अक्षर सुबक, आवाज खणखणीत, पाठाचं टाचण तयार, वर्ग शांत. असेल. पण वर्ग शांत का, हे कुणी विचारत नाही. पोरांना कळलं म्हणून शांत, की पोरं भ्यायली म्हणून?

टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले. त्यांची शेंगा-टरफलांची गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून सांगतात. मास्तरला तोंडावर नाही म्हणणारं पोर बाणेदार! कबूल. पण आमच्या वाडीतल्या पोरानं असंच तोंडावर नाही म्हटलं, तर ते उर्मट होतं, सवलतींनी माजलेलं होतं. बाणेदारपणालाही जात असते काय?

याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. त्यांचे वडील रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक. म्हणजे मास्तरचंच पोर! तरी साताऱ्याच्या शाळेत त्याला स्वतःचं गोणपाट घेऊन जावं लागलं. बसायचं वेगळं. नळाला हात लावायचा नाही, शिपाई सोडेल तेव्हा पाणी. शिपाई नसला की घसा कोरडा. त्या शाळेत फळा होता, खडू होता, पुस्तकं होती. माणुसकी तेवढी नव्हती.

तेच पोर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झालं. शिकवणं असं, की दुसऱ्या कॉलेजांतली मुलं परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागली. आणि तिथल्याच काही प्राध्यापकांना स्टाफरूममधल्या भांड्यातलं पाणी त्यांनी पिणं खुपत होतं. हे लोक शिकलेले होते, शिकवतही होते. पण विषय येणं वेगळं आणि समोरचा माणूस दिसणं वेगळं. शिक्षकाला दोन्ही लागतं.

जोतिरावांना हे ठाऊक होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी सांगितलं, की गावच्या शाळेत शेतकरी वर्गातलेच, पोरांत मिसळणारे, नांगराला हात लावणारे मास्तर हवेत. त्याआधीच, १८५५ साली, त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, धर्माला जाब विचारला. 'ज्ञानोदया'नं तो छापला. मला विचाराल तर चांगल्या शिकवण्याची परीक्षा हीच: तुमच्या वर्गात पोर स्वतःचं दुःख स्वतःच्या शब्दांत मांडतं का?

मी जिथं शिकलो तिथले एक मास्तर शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात ओरडायचे, "एससीवाले, उभे राहा!" आम्ही उभे, बाकीचे बघतायत. पुढच्या वर्षी नव्या बाई आल्या. त्यांनी ऑफिसातून यादी घेतली, फॉर्म मुकाट भरून घेतले, वर्गात ब्र काढला नाही. त्यांच्याच तासाला मी पहिल्यांदा हात वर केला. यासाठी ना अनुदान लागलं, ना स्मार्ट बोर्ड.

आता कायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ नुसत्या छडीलाच नाही, मानसिक छळालाही बंदी करतं. वर्गात जात पुकारून पोराला खाली मान घालायला लावणं हा छळ नाही तर काय?

पण कायदा आपोआप वर्गात शिरत नाही. वरळी-नायगावच्या चाळींत वाढलेल्या दोस्तांनो, तुमच्यातल्या कितीतरी जणांची गावं रत्नागिरीत आहेत. माणसं पोटासाठी मुंबईला आली, तिकडं वाडीतल्या शाळांचे पट घसरले. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, मग शाळेलाच कुलूप लावायची भाषा सुरू होते. चांगला शिक्षक मागण्याआधी शिक्षक मागायची पाळी!

तेव्हा गावी जाल तेव्हा नुसते आंबे खाऊन परतू नका. शाळेत जा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात, दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्या वाडीतली आई त्या समितीत आहे का? असली तर बोलते का, की नुसता अंगठा घेतात? पोरांना विचारा, वर्गात कोण कुठं बसतं? पाणी कोण भरतं? झाडू कुणाच्या हातात देतात? उत्तरं लिहून काढा, आमच्याकडं पाठवा. नाव नको असेल तर नाव छापणार नाही.

आणि तुमच्यातले जे मास्तर झालेत, होणार आहेत, त्यांना एकच सांगणं. तुमच्या वर्गातलं पोर उद्या तुम्हालाच उलटा सवाल करील. तेव्हा छडी शोधू नका, खडू त्याच्या हातात द्या.

जय भीम!